ब्रूडरमधून अंगणात: वाढत्या पिल्लांसाठी तात्पुरतं खुराडं कसं उभारायचं

पिल्लं ब्रूडरच्या, म्हणजे त्यांना उबेत वाढवायच्या खोक्याच्या, काठावर उडून बसायला लागली की समजायचं, घरातला खोका आता फार दिवस पुरत नाही. चौथ्या आठवड्याच्या आसपास हे सुरू होतं. खोक्यात धूळ वाढते, वास वाढतो, पाण्याचं भांडं दिवसातून दोनदा उलटतं. पण मोठ्या कोंबड्यांच्या खुराड्यात त्यांना सोडायचं वय अजून झालेलं नसतं. मोठ्या कोंबड्या परक्या पिल्लांना टोचून जखमी करतात. शिवाय त्यांच्या विष्ठेतल्या ज्या जंतूंचा त्यांना स्वतःला त्रास होत नाही, तेच पिल्लांना आजारी पाडतात. म्हणून साधारण पाचव्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लांना बाहेर, पण वेगळं घर लागतं.

हे घर दोनेक महिन्यांचंच, म्हणून नवखा माणूस चार काठ्या रोवतो, त्यांना जाळी गुंडाळतो, वर ताडपत्री टाकतो. दिवसा ते चालूनही जातं. पण रात्री कुत्रं, मांजर, मुंगूस, उंदीर, साप यांपैकी काहीही येऊ शकतं, आणि पिल्लांना अंधारात नीट दिसत नसल्याने ती जागची हलतसुद्धा नाहीत. माझं सांगणं एवढंच आहे की दिवसाचं घर आणि रात्रीचं घर ही दोन वेगळी कामं समजा आणि दोन वेगळे तुकडे बनवा: रात्रीसाठी भक्कम पेटी आणि दिवसासाठी साधा, हलका पिंजरा. पैसा आणि मेहनत पेटीवर घाला. मग पिंजरा थोडा कच्चा असला तरी निभावतं.

बाहेर काढायची वेळ

वय मोजण्यापेक्षा पिसं बघा. अंगावरची लव ऊब देते, पण वारा आणि ओल यांच्यापुढे ती टिकत नाही. पिसं आधी पंखांवर येतात, मग शेपटीला, पाठीवर, छातीवर, आणि डोकं-मान सगळ्यात शेवटी भरते. पिल्लू हातात घ्या, पंख उचलून खाली आणि पोटाशी बोट फिरवा. तिथे नुसती लव लागत असेल तर रात्री बाहेर ठेवायला अजून अवकाश आहे. बहुतेक जातींची पिल्लं पाच ते सहा आठवड्यांत भरतात. मोठ्या, जड जातींना थोडा जास्त वेळ लागतो.

दुसरी गोष्ट तापमानाची. पहिल्या आठवड्यात ब्रूडरमध्ये ३३ ते ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते आणि पुढे दर आठवड्याला ती सुमारे ३ अंशांनी कमी करत न्यायची असते. या हिशेबाने पाचव्या आठवड्यात पिल्लं २१-२२ अंशांवर आरामात राहायला हवीत. दिवा बंद ठेवूनही ती विखरून, शांत झोपत असतील तर ती तयार झाली. बाहेरच्या रात्री याहून बऱ्याच थंड असतील तर आठवडाभर थांबा. बाहेरच्या पेटीत उबेचा दिवा लावायचा मोह मात्र टाळा. लाकूड, वाळका भुसा, ताडपत्री आणि उडणारी पिल्लं यांच्यात तापलेला दिवा म्हणजे आगीला आमंत्रण आहे. दिवा लागतोय असं वाटणं, हीच अजून वेळ झाली नसल्याची खूण समजा.

तिसऱ्या आठवड्यापासून ऊबदार, कोरड्या, वारा नसलेल्या दिवशी अर्धा-एक तास बाहेर फिरवून आणायला हरकत नाही. त्यांना मातीची, गवताची, आवाजांची ओळख होते. अशा वेळी शेजारी बसून राहा. कावळा किंवा घार क्षणात झडप घालते.

जागा निवडताना

सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी जागा उत्तम. पाणी साचणारी जागा नको, थोडा उतार असेल तर चांगलं. जिथे आधी कोंबड्या राहून गेल्यात ती जमीन पिल्लांसाठी शक्यतो वापरू नका. रानपक्षी रात्री मुक्काम करतात त्या झाडाखालीही नको, त्यांची विष्ठा खाली पडते. गवतावर तणनाशक किंवा कीटकनाशक मारलेलं नाही याची खात्री करा. आणि खुराडं तुमच्या येण्याजाण्याच्या वाटेवर असू द्या. जे डोळ्यांसमोर असतं त्याच्याकडे लक्ष जातं.

मापं

आठ पिल्लं धरून चालू. जास्त असतील तर त्या प्रमाणात वाढवा.

रात्रीची पेटी ४ फूट लांब, अडीच फूट खोल, समोरून अडीच फूट उंच आणि मागे चार-पाच इंच कमी, म्हणजे छताला उतार आपोआप मिळतो. यात प्रत्येकाला सव्वा चौरस फूट येतं. झोपायला तेवढं पुरतं. दिवसाचा पिंजरा ४ फूट रुंद, ६ फूट लांब, दोन ते अडीच फूट उंच. म्हणजे प्रत्येकी ३ चौरस फूट. आठव्या-नवव्या आठवड्यानंतर हे अपुरं पडायला लागतं, तेव्हा दुसरा पिंजरा जोडायचा किंवा तुम्ही राखण करताना दिवसातून काही वेळ मोकळं सोडायचं. दाटी झाली की पिल्लं एकमेकांची पिसं उपटू लागतात, आणि एकदा रक्त दिसलं की सगळी त्याच पिल्लावर तुटून पडतात. अशा वेळी जखमी पिल्लू आधी वेगळं काढा, मग दाटी कमी करा.

रात्रीची पेटी

चौकटीला दीड-दोन इंच जाडीच्या लाकडी पट्ट्या आणि भिंतींना प्लायवूड किंवा फळ्या. जुनं लाकूड वापरायला हरकत नाही, पण त्यावर जुना रंग असेल तर तो शिशाचा असू शकतो आणि पिल्लं सगळ्याला चोच मारून बघतात. रंगाचे पापुद्रे सुटत असतील तर ते लाकूड नको.

भिंती खालून भरीव ठेवा. पिल्लं भिंतीला टेकून झोपतात. तिथे जाळी असली की बाहेरून पंजा येतो आणि जाळीला चिकटलेल्या पिल्लाचा पाय किंवा मान ओढली जाते. जाळी कितीही मजबूत असली तरी हे होऊ शकतं. म्हणून खालचे २० ते २२ इंच पूर्ण बंद आणि त्याच्या वर, छताच्या लगत, समोरासमोरच्या दोन बाजूंना पाच-सहा इंचांची उघडी पट्टी. या पट्टीला जाळी लावायची.

हवा खेळण्यासाठीची ही पट्टी थंडी आहे म्हणून गोणपाट लावून बंद करणारे बरेच असतात. तसं करू नका. पिल्लांच्या श्वासातून आणि विष्ठेतून रात्रभर दमटपणा आणि अमोनिया बाहेर पडतो. बंद पेटीत तो वर साठतो, पिसं ओलसर होतात आणि उलट जास्त थंडी वाजते. अमोनियाने डोळे चुरचुरतात, श्वसनाचे आजार मागे लागतात. पिल्लांच्या अंगावर वारा येता कामा नये, त्यांच्या डोक्यावरून मात्र हवा वाहत राहिली पाहिजे. पट्टी उंचावर ठेवण्यामागे हाच हिशेब आहे.

जाळी घेताना अर्ध्या इंचाच्या भोकांची वेल्डेड जाळी मागा. कोंबड्यांसाठी म्हणून मिळणारी पातळ षटकोनी जाळी कोंबड्यांना आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. तो ती दातांनी फाडतो, आणि उंदीर, लहान साप तिच्या भोकांतूनच आत येतात. जाळी चौकटीच्या बाहेरून ठोका, म्हणजे बाहेरून धक्का बसला तरी ती लाकडावरच दाबली जाते. नुसत्या स्टेपलवर भरवसा ठेवू नका. दर चार-सहा इंचांवर रुंद वॉशर घालून स्क्रू मारा. दोन तुकड्यांचा जोड येईल तिथे दोन इंच एकावर एक घ्या.

आता एक काम, जे हमखास राहून जातं. जाळी कापताना तारेचे बारीक तुकडे आणि टोकं उडतात. ती चमकतात, आणि पिल्लांना चमकणारी वस्तू दिसली की ती गिळलीच म्हणून समजा. टोकदार तार पोटाला भोक पाडते आणि तारेवरच्या जस्ताच्या मुलाम्याने विषबाधा होते. जाळी शक्यतो पिल्लांच्या जागेपासून दूर कापा. काम संपलं की जमिनीवरून एक मोठं लोहचुंबक फिरवा, पेटीच्या आतूनही फिरवा. जाळीची तार लोखंडी असते, तुकडे त्याला चिकटून वर येतात. कापलेल्या कडा पट्टीखाली दाबून टाका, म्हणजे तुमचेही हात वाचतील.

तळ पूर्ण बंद हवा, प्लायवूडचा किंवा फळ्यांचा. पेटी जमिनीला टेकवू नका. चारही कोपऱ्यांखाली विटा किंवा ठोकळे देऊन सात-आठ इंच उचला, म्हणजे लाकूड कुजत नाही आणि वाकून पाहिलं की खाली उजेड आरपार दिसतो. अगदी कमी उचललेल्या तळाखाली उंदीर घर करतात.

छत उचलता येईल असं करा, मागच्या बाजूला बिजागऱ्या लावून. प्लायवूडवर पत्रा किंवा ताणून बसवलेली ताडपत्री, आणि कडा चारही बाजूंनी चार-पाच इंच बाहेर. ताडपत्री सैल राहिली तर पाण्याची खोळ तयार होते आणि ते पाणी शेवटी आतच येतं. नुसता पत्रा लावाल तर दुपारी पेटीची भट्टी होते, म्हणून पत्र्याखाली प्लायवूड हवंच. छत उचलल्यावर तुमचा हात पेटीच्या प्रत्येक कोपऱ्यात पोहोचला पाहिजे. आजारी पिल्लू नेमकं सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात जाऊन बसतं, आणि ते काढायला डोकं आत घालावं लागलं तर सफाईचाही कंटाळा येतो.

पिल्लांचं दार दहा बाय बारा इंचांचं, दोन खाचांत वर-खाली सरकणारं. ते उघडं असताना वर अडकवायला खिळा आणि बंद असताना खाली अडकवायला कडी, असं दोन्ही हवं. छताला आणि दाराला साधा हुक पुरत नाही, कुत्रं नाकाने तो उचलतं. कडी-कोयंडा लावा आणि त्यात स्प्रिंगचा हुक किंवा कुलूप अडकवा.

आत बसायला दोन दांड्या, पेटीच्या लांबीइतक्या, एक ते दीड इंच जाड, कडा घासून गोल केलेल्या. तळापासून आठ-नऊ इंच उंच पुरे. सुरुवातीला पिल्लं खालीच, एकमेकांना चिकटून झोपतील. दांडीवर जायची जबरदस्ती नको, ती आपली आपण जातात. तळावर तीन इंच जाडीची गादी: लाकडाच्या पातळ कातरणी किंवा भाताचं तूस. अगदी बारीक भुसा नको, त्याची धूळ नाकात जाते आणि लहान पिल्लं तो खातात. नुसता वर्तमानपत्राचा कागदही नको, त्यावर पाय घसरतात.

शेवटी पेटी अंधारात नेऊन आत बॅटरी लावा आणि बाहेरून चारही बाजूंनी बघा. जिथून उजेडाची रेघ बाहेर येते ती फट. उंदराला अंगठ्याएवढी फट पुरते. वरची जाळीची पट्टी सोडून बाकी सगळ्या फटी पट्टी ठोकून बुजवा. नंतर प्रत्येक कोपऱ्यावर मुठीने जोर लावून बघा. तुमच्या जोराने जे हललं, ते कुत्र्यापुढे टिकणार नाही.

दिवसाचा पिंजरा

इथे फार बोलण्यासारखं नाही. हलक्या लाकडी पट्ट्यांची किंवा बांबूची चौकट, सगळ्या बाजूंना आणि वरूनही जाळी. वर जाळी हवीच, घार-कावळा वरून येतो आणि मांजर अडीच फूट सहज उडी मारतं. तळ उघडा. दिवसाच्या कामाला षटकोनी जाळी चालते, पण खालचा एक फूट वेल्डेड जाळीचा केलात तर चांगलं. निम्म्या भागावर सावलीसाठी गोणपाट किंवा ताडपत्री बांधा. एका बाजूला माणसाचा हात जाईल असं दार, दोन्ही टोकांना उचलायला मुठी. पेटीच्या दाराला पिंजऱ्याचं उघडं तोंड भिडवून दोन हुकांनी अडकवा. जमीन उंचसखल असेल तर कडेखाली फट पडते, तिथे विटा लावा. वारा जोराचा असेल तर कोपऱ्यांवर वाळूच्या पिशव्या ठेवा.

पिंजरा दिवसाचा आहे हे विसरू नका. उशीर झाला म्हणून एक रात्र पिल्लं त्यातच राहू दिली, असं होऊ नये.

पहिला आठवडा

पिल्लं सकाळी हलवा, म्हणजे उजेडात त्यांना सगळं बघायला मिळतं. सुरुवातीला ती दारापाशीच घोळका करून उभी राहतील, गवताच्या पात्याला घाबरतील. खाद्याचं भांडं तेच जुनं ठेवा, त्यांना धीर येतो. मोठ्या कोंबड्यांना नव्या घराची सवय लागावी म्हणून दोन-तीन दिवस आत कोंडून ठेवतात. एवढ्याशा पेटीत, दिवसाच्या उकाड्यात पिल्लांना तसं कोंडू नका.

खरी परीक्षा संध्याकाळी. अंधार पडायला लागला की पिल्लं पेटीत जाण्याऐवजी पिंजऱ्याच्या एका कोपऱ्यात जमतात आणि चिवचिवाट करतात. कारण सोपं आहे: बाहेर अजून थोडा उजेड असतो आणि पेटी आतून काळोखी दिसते. उजेड सोडून काळोखात कोण जाईल? सूर्य मावळायच्या थोडं आधी पेटीत बॅटरीवर चालणारा छोटा दिवा ठेवा. बाहेर अंधारलं की ती उजेडाकडे चालत आत जातात. सगळी बसली की दार लावा आणि थोड्या वेळाने दिवा काढून घ्या. उरलेली हाताने उचलून आत ठेवा, पाठलाग करू नका. काही दिवसांत दिव्याशिवाय जायला लागतात.

दार लावताना पिल्लं मोजा. रोज मोजा. आठ म्हणजे आठ.

तास-दोन तासांनी पुन्हा जाऊन छत हळूच उचला. सैलसर एकमेकांना टेकून बसलेली असतील तर सगळं ठीक. एका कोपऱ्यात एकावर एक चढून ढीग झाला असेल तर तो तेव्हाच मोडा, खालची पिल्लं गुदमरून मरतात. ढीग थंडीने होतो, भीतीने होतो, नुसत्या नव्या जागेनेही होतो. कोपऱ्यांत तिरक्या फळ्या लावून ते बोथट केले की रचून बसायला जागाच राहत नाही. पहिल्या तीन-चार रात्री ही फेरी चुकवू नका.

रोजचं काम

सकाळी दार उघडण्याआधी पिंजरा पुढच्या ताज्या जागेवर सरकवा, मग पेटी त्याला आणून भिडवा. पिल्लं पेटीत असतानाच पिंजरा हलवला की सरकत्या कडेखाली पाय सापडत नाहीत. पेटी दोघांनी मिळून, न हिसकता उचला. पेटी रोज हलवणं जमत नसेल तर तिच्याभोवती पिंजरा वेगवेगळ्या दिशांना फिरवता यावा म्हणून दोन बाजूंना दारं ठेवा.

जागा बदलण्यामागचं सगळ्यात मोठं कारण रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस. आयमेरिया नावाच्या परजीवीची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. ती बाहेर पडल्या पडल्या रोग देत नाहीत. ऊब, ओल आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत ती तयार होतात, आणि मग ती पोटात गेली की पिल्लू आजारी पडतं. पिल्लं रोज पुढच्या जागेवर गेली तर ती त्या अंड्यांच्या पुढे राहतात. तीन ते सहा आठवड्यांच्या वयात याचा धोका सगळ्यात जास्त, म्हणजे नेमकी आपण त्यांना बाहेर काढतो तेव्हाच. पिल्लू पिसं फुलवून, मान आत ओढून, डोळे मिटून बसलं, खाणं सोडलं, विष्ठेत रक्त किंवा लालसर शेंब दिसली की वाट न पाहता पशुवैद्यकाला दाखवा. पाण्यातून द्यायचं अ‍ॅम्प्रोलियम हे औषध वेळेवर मिळालं तर बहुतेक पिल्लं वाचतात, मात्रा मात्र पशुवैद्यकालाच ठरवू द्या. रक्त प्रत्येक वेळी दिसतंच असं नाही, मलूल पिल्लू हीच पुरेशी खूण आहे.

पेटीतली गादी रोज वरखाली करा. तिची परीक्षा हाताने घ्या: मूठभर उचलून दाबा आणि मूठ उघडा. भुसा मोकळा पडला तर ठीक. लाडवासारखा गोळा राहिला तर ओला झालाय, काढून टाका. वास घ्यायचा तो उभ्याने घेऊ नका. पिल्लांच्या उंचीवर नाक नेऊन बघा, झोंबलं तर गादी बदला.

पाणी आणि खाद्य दोन्ही दिवसा पिंजऱ्यात ठेवा, भांड्यांची कड पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर आली पाहिजे. खाली ठेवलं तर पाय आणि विष्ठा त्यात जाते. रात्री खाद्य उचलून घरात न्या, नाहीतर उंदरांना रोजचं जेवण मिळतं. अंधारात पिल्लं खात-पीत नाहीत, त्यामुळे पेटीत पाणी नसलं तरी चालतं. मात्र उजाडल्यावर दार लगेच उघडलं पाहिजे. हे जमणार नसेल तर पाण्याचं भांडं पेटीत जाळीच्या पाटावर ठेवा, म्हणजे सांडलेलं गादीत मुरत नाही. गवत खायला लागल्यावर बारीक खडे-वाळू वेगळ्या भांड्यात द्या, त्याशिवाय गवत पचत नाही. सहा-आठ आठवड्यांपर्यंत स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं खाद्य, पुढे ग्रोवर, म्हणजे वाढत्या पिल्लांचं. अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेअर खाद्य या वयात देऊ नका, त्यातल्या जास्त कॅल्शियमने मूत्रपिंडं खराब होतात.

ऊन आणि पाऊस

थंडीपेक्षा ऊन लवकर मारतं. कोंबड्यांना घाम येत नाही, त्या धापा टाकून अंग थंड करतात. चोच उघडी, पंख अंगापासून लांब धरलेले दिसले की तिथेच थांबा: सावली वाढवा, थंड पाणी द्या, सावलीतली जमीन थोडी भिजवा. सूर्य फिरतो तशी सावली सरकते हे ध्यानात ठेवा. सकाळी दहाला बघून निघालात तर दुपारी दोनला सावली कुठे असेल, याचा आधीच अंदाज घ्या. दिवसा पेटीचं दार उघडंच ठेवा आणि उकाड्यात छतही फळीच्या टेकूवर दोन-तीन इंच उचलून ठेवा, फक्त संध्याकाळी टेकू काढायला विसरू नका.

पावसाची लक्षणं दिसली की पिल्लं पेटीत घ्या. ती स्वतःहून जातीलच असं नाही, बरीच पावसात भिजत उभी राहतात. भिजलेलं पिल्लू घरात आणून कोरड्या फडक्याने पुसा आणि पूर्ण सुकेपर्यंत उबेला ठेवा. सतत पाऊस असेल तर पिंजऱ्यावर पूर्ण ताडपत्री ताणा आणि पाणी बाहेर पडेल असा उतार द्या.

पुढे

दहा-बारा आठवड्यांत दांड्या भरून जातात, नर तुरे वाढवून एकमेकांवर धावायला लागतात, आणि हे घर लहान पडलंय हे बघताक्षणी कळतं. मोठ्या कोंबड्यांमध्ये मिसळायचं असेल तर याच पिंजऱ्याचा उपयोग करा. तो मोठ्यांच्या आवारात नेऊन ठेवा आणि आठ-दहा दिवस दोघांना जाळीआडून एकमेकांना बघू द्या. मग संध्याकाळी, सगळी दांडीवर बसल्यावर तलंगांना, म्हणजे या वाढलेल्या पिल्लांना, शेजारी नेऊन बसवा. सकाळी थोडी झटापट होईल. रक्त निघत नाही तोवर मध्ये पडू नका, पण खाद्याची भांडी दोन ठिकाणी ठेवा, म्हणजे दबलेल्या तलंगाही खातील.

रिकाम्या पेटीतली गादी सगळी काढा, खरवडून धुवा, फटींत आणि दांड्यांच्या टोकांशी गोचीड-पिसवा दडल्यात का ते बघा आणि छत उघडं टाकून कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवा. नंतर ती ताडपत्रीखाली कोरड्या जागी ठेवून द्या. आजारी कोंबडी वेगळी ठेवायला किंवा खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवायला ती केव्हाही कामाला येते.